व्यसनी मनुष्य : दोषी कीं रोगी ?

‘व्यसन’ हा शब्द आपल्या तोंडीं इतका रुळलेला आहे कीं त्याच्या पोटांत काय सांठविलेलें आहे हें पाहण्याचें आपणांस सुचत नाहीं. संस्कृतांत या शब्दाचा एक अर्थ संकट असा आहे, आणि दुसरा दुराचाराची आसक्ति असा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचें आठवें अधिकरण सर्वच्या सर्व व्यसनांविषयीं आहे. आणि त्यांत मृगया, द्यूत, स्त्री व पान यांची चर्चा ज्या ओघांत येते, त्याच ओघांत आग, महापूर, रोगराई व दुष्काळ यांचीहि येते. मनुष्यावर बाहेरून कोसळणारी आपत्ति व मनुष्यानें आपल्या हातानें ओढवून घेतलेली आपत्ति या दोहोंना आपल्या पूर्वजांनीं एकच नांव दिलें, हें आम्हांस मोठें अर्थपूर्ण वाटतें. मद्य, अफू, गांजा अथवा हेरॉईन यांच्या आहारीं गेलेल्या मनुष्यास दोषी म्हणावें कीं रोगी म्हणावें, हा जो वाद आज डॉक्टर, न्यायाधीश व समाजसेवक यांच्यामध्यें चालू आहे, त्याचें बीज या एका शब्दांत आहे. आणि हा वाद केवळ विद्वानांचा नव्हे. ज्या घरांत असा मनुष्य आहे, त्या घरांत तो रोज रात्रीं जेवणाच्या पानांवर चालतो.

तेथें आई म्हणते, “त्याचें नशीबच ओढवलें, तो काय करील?” वडील म्हणतात, “मनांत आणील तर उद्यां सोडील. पण मनांतच आणीत नाहीं.” थोरला भाऊ कांहींच बोलत नाहीं, कारण आजवरचीं सर्व कर्जें त्यानेंच फेडलेलीं आहेत. पत्नीला कोणी विचारीत नाहीं. रोगी असेल तर वैद्य पाहिजे आणि दोषी असेल तर शासन पाहिजे. परंतु निर्णय न लागल्यामुळें दोन्ही गोष्टी अर्धवट होतात. सोमवारीं त्याला घराबाहेर काढतात, आणि गुरुवारीं परत आणून शिरा करून घालतात.

आपल्या परंपरेंत या प्रश्नाचीं दोन्ही उत्तरें शेजारींशेजारीं नांदत आलीं आहेत. मनुस्मृतीनें सुरापानाची गणना महापातकांत केली आणि त्याला देहान्तापर्यंत पोंचणारें प्रायश्चित्त सांगितलें. उलट चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांतील चोविसावा अध्याय उघडला, तर तेथें ‘मदात्यय’ नांवाचा रोग भेटतो. त्याचे वातप्रधान, पित्तप्रधान, कफप्रधान असे प्रकार, त्यांचीं लक्षणें, त्यांवरील आहार व औषधें यांचें विवेचन ज्वर अथवा अतिसार यांच्याप्रमाणेंच शांतपणें केलेलें आहे. इतकेंच नव्हे, तर मद्यापासून उद्भवलेला विकार योग्य मात्रेंत व विधिपूर्वक दिलेल्या मद्यानेंच शमतो, असेंहि तेथें सांगितलें आहे. एखाद्या सोवळ्या वाचकाच्या कपाळाला हें वाचून आठी पडेल. पण १९६० नंतरच्या दशकांत न्यूयॉर्क येथें डॉ. व्हिन्सेंट डोल व डॉ. मेरी निस्वांडर यांनीं हेरॉईनच्या रोग्यांस मेथाडोन नांवाचें त्याच जातीचें, पण सावकाश काम करणारें औषध मोजून देण्याची जी पद्धत सुरू केली, तिचें तत्त्व याहून फारसें निराळें नाहीं. (चरकाचा आधार घेऊन कोणीं घरीं हा प्रयोग करूं नये, हें सांगावयास नकोच, पण आधार शोधणारे किती चतुर असतात हें आम्हांस ठाऊक असल्यामुळें सांगून ठेवतों.)

पाश्चात्य देशांत १७८४ सालीं फिलाडेल्फियाचे डॉ. बेंजामिन रश यांनीं आणि १८०४ सालीं ब्रिटिश आरमारांतील डॉ. थॉमस ट्रॉटर यांनीं अतिमद्यपान हा रोग होय असें प्रतिपादन केलें. पण तें तेथील समाजाच्या गळीं उतरावयास दीडशें वर्षें लागलीं. अमेरिकन मेडिकल असोसिएशननें मद्यासक्ति हा आजार आहे असें मान्य केलें तें १९५६ सालीं. मॉर्फिन व हेरॉईन यांच्या बाबतींत इंग्लंड व अमेरिका यांनीं दोन निराळ्या वाटा धरल्या. अमेरिकेंत १९१४ सालीं हॅरिसन कायदा झाला, आणि १९१९ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं केवळ व्यसनी मनुष्याची तलफ भागविण्यासाठीं डॉक्टरनें मॉर्फिन लिहून देणें हें औषधोपचारांत मोडत नाहीं. पुष्कळ डॉक्टरांवर खटले झाले, आणि रोगी दवाखान्यांतून उठून चोरबाजारांत गेले. इंग्लंडमध्यें सर हम्फ्री रोलस्टन यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें १९२६ सालीं याच्या नेमका उलट अभिप्राय दिला: ही आसक्ति रोग समजावी, निव्वळ चैन समजूं नये, आणि ज्याची सुटतच नाहीं त्याला डॉक्टरनें नियमित मात्रा देण्यास हरकत नसावी. आम्हांस इंग्लंडची वाट अधिक शहाणपणाची वाटते. मात्र तेथील रोगी त्या वेळीं मूठभर होते, आणि त्यांत डॉक्टर व सुखवस्तु मंडळी पुष्कळ होती, हें विसरतां कामा नये. आपल्यासारखा दिसणारा मनुष्य व्यसनी झाला म्हणजे समाजाला तो रोगी दिसतो, आणि गल्लीच्या टोंकाला राहणारा झाला म्हणजे गुन्हेगार दिसतो. हा अनुभव केवळ लंडनचा नाहीं. अमेरिकेंतहि पुढें १९६२ सालीं रॉबिन्सन विरुद्ध कॅलिफोर्निया या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं एखादा मनुष्य व्यसनी आहे एवढ्याच कारणावरून त्याला शिक्षा करणें घटनेच्या विरुद्ध आहे.

आपला कायदा मात्र वरच्या कुटुंबासारखाच द्विधा आहे. १९८५ च्या मादक द्रव्यांच्या कायद्यानें असे पदार्थ सेवन करणें हाच गुन्हा ठरविलेला आहे. पण त्याच कायद्याच्या ६४ अ या कलमानें, जो व्यसनी आपण होऊन सरकारी अथवा मान्यताप्राप्त संस्थेंत उपचार घेतो त्याला त्या गुन्ह्याच्या खटल्यापासून अभय दिलेलें आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें आणखी एक पाऊल पुढें टाकलें, आणि मद्य व मादक द्रव्यें यांच्या दुरुपयोगाशीं निगडित असलेल्या मनोविकृति मानसिक आजाराच्या व्याख्येंतच घातल्या. विमा कंपन्यांनीं मानसिक आजारासाठीं शारीरिक आजाराप्रमाणेंच विम्याची सोय करावी, असेंहि त्याच कायद्यांत म्हटलें आहे. परंतु २०१९ सालीं विमा नियामक प्राधिकरणानें आरोग्यविम्यांतून वगळावयाच्या गोष्टींचे जे ठरीव मसुदे प्रसिद्ध केले, त्यांत मद्यासक्ति व मादक द्रव्यांची आसक्ति यांवरील उपचारांचा समावेश आहे. म्हणजे एका कागदावर तो रोगी आणि दुसऱ्या कागदावर नाहीं! विम्याची पावती हातीं धरून बसलेल्या बापानें यांतून काय समजावें?

आतां शास्त्राकडे वळूं. १९५४ सालीं कॅनडांतील मॅक्‌गिल विद्यापीठांत जेम्स ओल्ड्स व पीटर मिल्नर यांना असें आढळलें कीं उंदराच्या मेंदूंतील विशिष्ट जागीं तार बसवून तिचा खटका त्याच्याच पुढें ठेवला, तर तो उंदीर तो खटका पुनःपुन्हां, तासन्‌तास दाबीत राहतो. अन्न, पाणी, पिलें यांविषयीं प्राण्याला ओढ लावणारी जी यंत्रणा निसर्गानें मेंदूंत बसविली आहे, तिची ही जागा होय. आणि डोपामीन नांवाचें द्रव्य तिच्यांत महत्त्वाचें काम करतें. मद्य, अफू, कोकेन, तंबाखू हीं सर्व या ना त्या मार्गानें याच यंत्रणेवर हात टाकतात. वारंवार तसें झालें कीं मेंदू त्या पदार्थाला धरून आपली घडी बसवितो. मग पहिल्यासारखें सुख येत नाहीं, पण ओढ मात्र वाढते. आणि ज्या भागानें ‘आतां पुरे’ म्हणावयाचें तो भाग दुबळा पडतो. व्यसनी मनुष्य सुखासाठीं पितो ही समजूत म्हणूनच अपुरी आहे. पुष्कळसा तो सुखाची आठवण व न पिण्याचें दुःख या दोन दोऱ्यांनीं ओढला जातो.

आनुवंशिकतेचाहि यांत वांटा आहे. १९७३ सालीं डॉ. डोनाल्ड गुडविन व त्यांचे सहकारी यांनीं डेन्मार्कमध्यें, लहानपणींच दत्तक गेलेल्या मुलग्यांची पाहणी केली. ज्यांचे जन्मदाते मद्यासक्त होते अशा मुलग्यांत, ते परक्या घरीं वाढले असूनहि, मद्यासक्तीचें प्रमाण इतरांच्या सुमारें चौपट आढळलें. आपल्याकडे सोयरीक जुळवितांना ‘घराण्यांत कांहीं आहे का?’ म्हणून कोड व वेड यांची चौकशी होते, पण मामा कशानें गेला हें विचारणें असभ्यपणाचें समजतात.

येथपर्यंत रोगाचा पक्ष भक्कम दिसतो. पण प्रतिपक्षाचाहि विचार झाला पाहिजे. आणि तो पक्ष केवळ कर्मठांचा नाहीं. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ जीन हेमन यांनीं २००९ सालीं एक ग्रंथ लिहून व्यसन हा निवडीचा विकार आहे असें मांडलें. त्यांच्यासारखे लोक ज्या पुराव्यांवर भर देतात, त्यांतील एक फारच विलक्षण आहे. व्हिएतनामच्या युद्धांत अमेरिकन सैनिकांना हेरॉईन अत्यंत स्वस्त व अत्यंत शुद्ध मिळत असे. १९७१ सालीं तेथून परतणाऱ्या सैनिकांची डॉ. ली रॉबिन्स या विदुषीनें पाहणी केली, तेव्हां सुमारें पांचांपैकीं एक सैनिक तेथें असतांना त्या पदार्थाच्या पुरता आहारीं गेलेला होता असें दिसलें. आतां हे सर्व लोक देशभर पसरून हाहाकार करणार, अशी धास्ती सरकारास वाटत होती. प्रत्यक्षांत घरीं परतल्यावर पहिल्या वर्षांत त्यांतील शेंकडा ५ च्या आसपास लोक पुन्हां त्याच्या कचाट्यांत सांपडले. तीन वर्षांपर्यंतचा हिशेब केला तरी शेंकडा १२ च्या आसपास. पुष्कळांनीं कसलाहि उपचार घेतला नव्हता. क्षयरोगी गांव बदलल्यानें असा बरा होत नाहीं. मग याला रोग कसें म्हणावें?

आमच्या मतें या पुराव्यानें रोगाची कल्पना खोटी ठरत नाहीं, पण ती सुधारून घ्यावी लागते. तो सैनिक जेव्हां घरीं आला, तेव्हां त्याचें जंगल, त्याचें भय, त्याचे सोबती, त्याला पुडी देणारा हात, सर्वच मागें राहिलें. आणि पुढें नोकरी, पत्नी, आईवडील उभीं होतीं. आपला व्यसनी दवाखान्यांतून परत येतो तो त्याच चाळींत, त्याच नाक्यावर, त्याच अपमानांत. मेंदूंत झालेला बदल खरा आहे. पण तो जागा होण्यास व निजण्यास भोंवतालचें जग कारण होतें. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकांत हें फार स्पष्ट दिसतें. १९१९ सालीं रंगभूमीवर आलेलें हें नाटक आपण दारूच्या दुष्परिणामांचें नाटक म्हणून पाहतों; पण त्यांतील सुधाकर पहिला पेला घेतो तो चैनीखातर नव्हे. हा बुद्धिमान वकील; त्याची सनद स्थगित झालेली, अभिमान दुखावलेला, आणि तळीरामासारखा सोबती शेजारीं. सूक्ष्म दृष्टीनें वाचणाऱ्यास त्यांत रोगाचें संपूर्ण निदान सांपडेल. नाहीं सांपडत ती चिकित्सा, कारण त्या काळीं ती कोणापाशींच नव्हती. सिंधूच्या पातिव्रत्यानें प्रेक्षकांचे डोळे भरून येतात, पण सुधाकराचा प्याला सुटत नाहीं. नुसत्या सोसण्यानें हा रोग बरा होत नाहीं, हें तेव्हांच दिसलें होतें. तरी आपल्या सुनांना आपण अजून सिंधूचाच कित्ता देतों.

मग रोग म्हटलें कीं जबाबदारी संपली काय? मुळींच नाहीं. मधुमेह हा रोग आहे, पण म्हणून मधुमेह्यानें श्रीखंडाची वाटी पुढें ओढावी असें कोणी म्हणत नाहीं. रोग जडला हा त्याचा अपराध नसेल; पथ्य व औषध टाळणें याचा जाब मात्र त्याला द्यावाच लागेल. आणि पत्नीवर उगारलेला हात हें रोगाचें लक्षण म्हणून सोसावयाचें नाहीं. त्यासाठीं २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, आणि त्यांत नवऱ्यानें पिऊन मारलें कीं शुद्धीवर मारलें असा भेद केलेला नाहीं.

या विचाराचा खरा कस लागतो तो घरांतील चार-पांच समजुतींवर. त्यांतील सर्वांत घातक म्हणजे, लग्न करून दिलें कीं सुधारेल. जो मनुष्य क्षयी आहे त्याचें लग्न लपवून लावणें हा विश्वासघात, हें सर्वांस मान्य आहे. पण मुलगा रोज पितो हें लपवून दुसऱ्याची लेक घरांत आणणाऱ्यांना आपण औषधच आणीत आहोंत असें वाटतें. परक्याची मुलगी हें औषध नव्हे. एक वेळ आईची माया समजूं शकते; पण ज्या सुशिक्षित वडिलांनीं स्वतःच्या मुलीसाठीं दहा ठिकाणीं चौकशी केली, तेच मुलाच्या वेळीं मौन धरतात, हें आम्हांस समजत नाहीं.

दुसरी समजूत अन्नांतून नकळत औषध देण्याची. अशा जाहिराती सर्वत्र दिसतात. १९४८ सालीं कोपनहेगन येथील संशोधकांनीं डायसल्फिराम या औषधाचा मद्यावरील परिणाम प्रसिद्ध केला. तें घेतलेल्या मनुष्यानें दारू घेतली कीं छाती धडधडते, वांत्या होतात, रक्तदाब घसरतो. क्वचित्‌ प्राणावरहि बेततें. रोग्यानें समजून-उमजून व डॉक्टरच्या देखरेखीखालीं घेतलें तर तें उपयोगी आहे. आमटींतून घातलें तर तो विषप्रयोगच.

तिसरी गोष्ट कोंडून ठेवण्याची. वर्षानुवर्षें भरपूर पिणाऱ्याची दारू एका दिवसांत बंद केली, तर दोन-तीन दिवसांत त्याला झटके येऊं शकतात, भ्रम होऊं शकतो, आणि वेळीं उपचार न मिळाल्यास मृत्यूहि येतो. म्हणून अशा मनुष्याची दारू दवाखान्यांतच सोडवावी. अफू व हेरॉईन यांच्या बाबतींत धोका निराळा आहे. त्यांचें सुटणें यातनामय असतें, पण सहसा जीवघेणें नसतें. खरा धोका पुढें येतो. कांहीं आठवडे न घेतल्यानें शरीराची सोसण्याची शक्ति उतरते, आणि मग एखाद्या दिवशीं त्यानें जुन्याच मात्रेंत घेतलें तर श्वास थांबतो. ‘आतां सुटलें’ म्हणून घर निर्धास्त होतें तोच काळ सर्वांत जपण्याचा. तसेंच, पुन्हां घेतलें म्हणजे सर्व फुकट गेलें असेंहि मानूं नये. उपचारानंतर वर्षाच्या आंत शेंकडा ४० ते ६० रोगी पुन्हां घसरतात, असें २००० सालीं अमेरिकेंतील एका वैद्यकीय नियतकालिकांत मॅक्‌लेलन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें. आणि त्याच लेखांत रक्तदाब व दमा यांच्या रोग्यांचें औषध-पथ्य सोडून पुन्हां आजारी पडण्याचें प्रमाण याहून कमी नाहीं, हेंहि दाखविलें. दम्याच्या रोग्याला दुसऱ्यांदा धाप लागली म्हणून आपण त्याला ‘निर्लज्ज’ म्हणत नाहीं.

‘आमच्या घरांत असलें कांहीं नाहीं’ असें म्हणून पान उलटूं पाहणाऱ्या वाचकांना एक विचारावयाचें आहे. आजीची मिश्री? काकांची तपकीर? कचेरींतून येतांना तोंडांत टाकलेली तंबाखूची चिमूट? ती एक दिवस मिळाली नाहीं तर घरांत काय होतें हें मुलांनाहि माहीत असतें. निकोटिनाची आसक्ति मेंदूच्या त्याच यंत्रणेची आहे. फरक एवढाच कीं तिच्यामुळें अब्रू जात नाहीं. आजीला मिश्री सोडतां येत नाहीं हें ज्याला समजलें, त्याला नातवाचें दुःख निम्मेंअधिक समजलें.

उपचाराची सोय आपल्याकडे किती तोकडी आहे, हें २०१९ सालीं केंद्र सरकारनें प्रसिद्ध केलेल्या, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या पाहणींत दिसलें. देशांत सुमारें १६ कोटि लोक मद्य घेतात, आणि त्यांतील ५ कोटि ७० लाखांना मद्यामुळें उद्भवलेल्या अडचणींसाठीं मदतीची गरज आहे. परंतु जे पुरते मद्याधीन आहेत, त्यांच्यापैकीं ३८ जणांत एकालाच कसला तरी उपचार मिळालेला होता. महाराष्ट्रांत त्या मानानें कांहीं चांगलें काम उभें राहिलें. १९८६ सालीं डॉ. अनिल अवचट व डॉ. अनिता अवचट यांनीं पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्यानें पुण्यास येरवडा येथें ‘मुक्तांगण’ सुरू केलें. येथें येणाऱ्याला रोगी मानलें गेलें, आणि त्याच्या बरोबरीनें त्याच्या घरच्यांनाहि बोलावलें गेलें. उलट बाजूस, व्यसनमुक्तीच्या नांवाखालीं साखळदंड व मारहाण यांवर चालणाऱ्या जागाहि आहेत. साखळीनें बांधण्यास २०१७ च्या कायद्यानें स्पष्ट बंदी केली आहे. मुलाला कोठें ठेवण्यापूर्वीं वडिलांनीं ती जागा स्वतः जाऊन, आंत शिरून पाहावी.

पुष्कळ घरें या ठिकाणीं अडतात, कारण तो यावयासच तयार नसतो. याहि बाबतींत थोडी आशा आहे. १९९९ सालीं अमेरिकेंतील न्यू मेक्सिको येथें प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, उपचार नाकारणाऱ्या मद्यासक्तांच्या घरच्या मंडळींनाच शिक्षण दिलें गेलें: तो नशेंत असतांना वाद घालावयाचा नाहीं, शुद्धीवर असलेली संध्याकाळ त्याला गोड वाटेल अशी करावयाची, त्याच्या पिण्याचे परिणाम झांकावयाचे नाहींत, आणि त्याचें मन वळेल त्या घटकेला दवाखान्याची गोष्ट काढावयाची. अशा घरांतील शंभरांपैकीं ६४ रोगी उपचाराला आले. सगळ्यांनीं मिळून त्याला समोर बसवून खडसावण्याच्या पद्धतीनें ३० च आले. तेव्हां तो येत नसेल तर डॉक्टरकडे पहिल्या भेटीस त्याच्यावांचून जावें. जातांना तो काय घेतो, किती घेतो, केव्हांपासून घेतो, मध्यें कधीं बंद केलें होतें का आणि तेव्हां झटका आला होता का, हें एका कागदावर लिहून न्यावें; आणि तो कागद त्याच्या पत्नीकडून लिहवून घ्यावा, कारण घरांतील इतर कोणाहीपेक्षां तिला तें अधिक बिनचूक ठाऊक असतें.